आठशे अंशांची जाळी

२ डिसेंबर

शेगडी आज घरी आली. माझ्याच हाताने अण्णांच्या खोलीत भिंतीशी लावली, नळी जोडली, पेटवली. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढ्यासाठी तीन वर्षं?"

"एवढ्यासाठीच," मी म्हणालो.

बाहेरून पत्र्याची पेटी, आत मंद निळी ज्योत आणि ज्योतीच्या वर माझी जाळी, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची. या शेगडीला धुराडं लागत नाही, हीच तिची खुबी. ज्योत मुद्दाम मंद ठेवली आहे, त्यामुळे गॅस फार कमी लागतो. पण अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत साठला तर माणसाला कळायच्या आत घेऊन जातो. तो वर येतो, जाळीतून जातो आणि जाता जाता पुरता जळून निरुपद्रवी होतो. त्याला जाळणारे म्हणजे जाळीवरचे प्लॅटिनमचे कण. केसाच्या जाडीवर ओळीने पंचवीस हजार बसतील इतके बारीक.

अशा जाळ्यांचं जुनं दुखणं उष्णता. तापलं की कण जागचे हलतात, भटकतात, आणि काचेवरचे पाण्याचे थेंब जसे एकमेकांत मिसळतात तसे मिसळून जातात. शंभर बारक्यांचा एक ढब्ब्या होतो. प्लॅटिनम तेवढंच राहतं, पण त्याचं उघडं अंग कमी होतं, आणि काम करतं ते उघडं अंगच. मी कणांखाली सिरियम ऑक्साइडचा पातळ थर दिला. त्यात ते पाय रोवून बसले. आठशे अंशांवर आठवडाभर भाजले तरी हलले नाहीत. त्या दिवशी बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. कॉलेजात मला शिकवायच्या तेव्हाही त्यांनी कधी मारली नव्हती.

बाई आता आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत. मी दोन वर्षं घरी बसून होतो तेव्हा त्यांनीच बोलावून घेतलं. नोकरी त्यांची, हे क्वार्टर त्यांच्या शब्दामुळे, हे टेबलसुद्धा. कंपनीच्या कॉलनीतल्या तीस घरांत या हिवाळ्यात शेगड्या लागताहेत, चाचणी म्हणून. आधी आपल्या माणसांच्या घरात, मग बाजारात, हा बाईंचाच आग्रह.

भट्टी तापेपर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागतं, म्हणून हे लिहायला घेतलं. आकडे लिहायला ऑफिसची वही आहेच. बाकीचं इथे.

६ डिसेंबर

अण्णा म्हणजे माझे सासरे. छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली. हिवाळ्यापुरते आमच्याकडे आले आहेत, कारण त्यांच्या घरी जिने फार आणि गुडघे त्याला राजी नाहीत. रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र वाचतात आणि चुका काढतात. संध्याकाळी मी बूट काढायच्या आत मला वाचून दाखवतात, जणू त्या मीच केल्या.

आज शेगडीचं माहितीपत्रक तपासलं. सात चुका. "जावईबापू, तुमच्या यंत्राला ऊब आहे, पण व्याकरण नाही."

ही हसली. मीही हसलो, पण लागलं जरा.

१३ डिसेंबर

जुनी भट्टी म्हातारी झाली म्हणून कंपनीने नवी आणली. तिच्यातला पहिलाच घाणा बिघडला. तीच पावडर, तोच थर, तेच आठशे अंश. आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणारी आहे, तिला सगळे भिंगवाली म्हणतात. तिने फोटो पाठवले. कण कुठले, भोपळे होते. आधी तीन नॅनोमीटरचे, भाजल्यावर वीसचे.

भिंगवालीने फोन केला. "नमुना बदलला का रे तुझा? चुकून दुसराच पाठवलास?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

"नव्या भट्टीचं काहीतरी."

बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो बघितले आणि परत दिले. "नवी भट्टी म्हणजे नवी सून. रुळायला वेळ दे. कंपनीकडून माणूस बोलावून तापमान तपासून घे." मग हळूच म्हणाल्या, "हे फोटो फिरवू नकोस. पुढच्या महिन्यात संचालकांची बैठक आहे."

फिरवतो कशाला? माझीही मान त्यातच अडकलीय.

संध्याकाळी घरी आलो तर सगळ्या खिडक्यांच्या फटींना ही चिकटपट्टी लावत होती. या क्वार्टरच्या चौकटी वाकड्या, वारा सुरीसारखा आत येतो. मीही दुसऱ्या बाजूने लावू लागलो. अर्ध्या तासात घर डब्यासारखं बंद झालं. उबदार वाटलं.

२१ डिसेंबर

अण्णांचं डोकं दुखतंय. चार-पाच दिवस झाले. त्यांच्या मते चष्म्याचा नंबर. हिच्या मते माझ्या सासूबाई गेल्यापासून ते नीट जेवत नाहीत, त्यामुळे. माझ्या मते दिवसभर खोलीत बसून दुसरं काय होणार? शेगडीपाशी खुर्ची ओढून बसतात ते उठत नाहीत. आमच्याइतकी शेगडी कॉलनीत कुणाकडेच चालत नसेल. बाकीची घरं दिवसा कामावर असतात.

नव्या भट्टीचा माणूस येऊन गेला. स्वतःचं उपकरण आत घालून तापमान मोजलं. म्हणाला, "साहेब, एका अंशाचाही फरक नाही. भट्टी सोन्यासारखी आहे."

मग दोष माझ्याकडे. आठवडाभर पाणी बदललं, पावडरचा डबा बदलला, थर जाड केला, पातळ केला. दर वेळी एकच रात्र भाजलं, तरी तेच भोपळे. जुन्या भट्टीत एक घाणा टाकला, तो उत्तम निघाला! तीनचे साडेतीन. म्हणजे हात माझा चांगला आहे. मग नव्या भट्टीत काय होतं? रात्रंदिवस हेच डोक्यात. आज जेवताना ही तीनदा काहीतरी म्हणाली, मी तीनदा "हं" केलं, आणि ती म्हणत होती की तिलाही सकाळपासून गरगरतंय.

बाजारात जाऊन आली, तर बरं वाटलं. थोडं बाहेर पडायलाच हवं तिने. इथे कॉलनीत बोलायला कुणी नाही, एकटेपणा खातो.

२८ डिसेंबर

आज आश्चर्य. अण्णांनी अख्खं वर्तमानपत्र वाचलं आणि एकही चूक काढली नाही. पेन्सिल तशीच मांडीवर. गालांवर लाली आलीय. घर मानवलं म्हणायचं शेवटी. मी हिला तसं म्हणालो, तर ती जाऊन त्यांचं कपाळ चाचपू लागली.

५ जानेवारी

भांडण झालं.

सकाळी अण्णा न्हाणीघरात जायला निघाले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे उभे राहून म्हणाले, "नळ कुठे नेला?" हिने धरून परत आणलं. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "दोन दिवस ती शेगडी बंद ठेवून बघू या का?"

"कशासाठी?"

"त्यांना तिचा त्रास होतोय असं मला वाटतं. मलाही होतो."

मी ताडकन उठलो. तीन वर्षं मी ज्याच्यासाठी हाडं झिजवली ते माझ्याच घरात नको! बाहेर शून्याखाली थंडी आहे, म्हाताऱ्या माणसाला गारठवून मारायचं आहे का? बसवल्या दिवशी मी स्वतः तो वायू मोजायचा मीटर धरला होता, काटा शून्यावर होता. आणखी काय काय बोललो ते लिहीत नाही.

ती एवढंच म्हणाली, "मीटर परत एकदा आणता येईल ना?"

येईल. कपाटाची किल्ली बाईंकडे असते आणि सही करून न्यावा लागतो. सही केली की बाई विचारणार, घरी कशाला? माझा माझ्याच कामावर भरवसा नाही, हे लेखी कोण देईल? आणि तेही या वेळी, जेव्हा नव्या भट्टीचे फोटो मी खणात दाबून ठेवलेत आणि बाईंनी संचालकांना आकडे आधीच देऊन टाकलेत. पुढच्या हिवाळ्यासाठी कारखाना वाढवायचं घाटतंय म्हणे. कॅन्टीनमध्ये अनोळखी माणसं येऊन माझा हात हातात घेतात. मी हसून मान डोलावतो. कुठे तरी निघून जावंसं वाटतं, पण जायचं कुठे? घरही कंपनीचंच.

अण्णांना डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब ठीक. "वय झालं की होतं असं," म्हणाले. मी हिच्याकडे बघितलं. जिंकल्यासारखं. लहान मुलासारखा वागलो, मान्य आहे.

२१ जानेवारी

कळलं.

आज बुधवार. सकाळी भिंगवाली खाली आली होती. माझ्या टेबलावर दोन्ही भट्ट्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून उभी राहिली. म्हणाली, "तू इतके दिवस नव्या भट्टीत काय चुकतंय ते शोधतोयस. जुनीत काय बरोबर होतंय ते बघितलंस का?"

ती गेल्यावर कॅन्टीनमधून चिमूटभर मीठ आणलं. साधं मीठ आठशे एक अंशाला वितळतं, शाळेतली पोरंही सांगतील. दोन चिनी मातीच्या वाट्या घेतल्या, मीठ घातलं, एक नव्या भट्टीत, एक जुनीत, अगदी माझे नमुने ठेवायचो त्याच जागी. दोन्हींचा आकडा साडेआठशेवर नेला. जेवणाच्या सुट्टीनंतर काढल्या.

नव्या भट्टीतलं मीठ वितळून, गोठून काचेसारखं बसलं होतं. जुन्या भट्टीतलं मीठ होतं तसंच होतं. दाणा न् दाणा सुटा. वाटी तिरकी केली तर सळसळलं.

जुनी भट्टी थंड करून मागचं झाकण उघडलं. तापमान मोजणारी तार वाकून तिचं टोक थेट तापणाऱ्या वेटोळ्याला टेकलं होतं. ती वेटोळ्याचं तापमान सांगत होती. नमुना पुढे, दाराजवळ. तिथे सहाशे असेल, फार तर साडेसहाशे. कधीपासून, देव जाणे. म्हणजे माझे कण आठशे अंशांवर कधी टिकलेच नव्हते. आठशे अंश त्यांनी पाहिलेच नव्हते. शेगडीत मात्र जाळी साडेसातशेच्या वरच तापते.

दोन्ही वाट्या घेऊन बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. बराच वेळ त्या बोटाने मीठ चिवडत होत्या.

"आणखी कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"शनिवारी बैठक आहे. सोमवारी मी स्वतः सगळ्या घरांतल्या जाळ्या बदलायला लावते. देखभालीसाठी म्हणून. जुन्या प्रकारच्या, जाड प्लॅटिनमच्या लावू. कुणाला काही कळायचं कारण नाही."

"पण बाई, तोपर्यंत..."

"अरे, दीड-पावणेदोन महिने चालल्याच ना? चार दिवसांनी काय होतंय? आणि एक लक्षात ठेव. बुडालो तर दोघं बुडू. मी निवृत्त होईन. तुझं काय?"

मी हो म्हणालो. कण एका दिवसात मोठे होत नाहीत, हळूहळू होतात, हे खरंच आहे. कुणाच्याही घरी काही झालेलं नाही.

घरी आलो. अण्णा शेगडीसमोर खुर्चीत पेंगत होते. बंद करायला हात पुढे केला, पण बंद केली तर ही विचारणार, का? आणि हिला सांगितलं की शेजारच्या फोरमनवहिनींना कळलंच समजा, म्हणजे उद्या कॉलनीभर. म्हणून खिडकीची चिकटपट्टी थोडी सोडवली, दोन बोटांची फट ठेवली. जेवून परत आलो तर अण्णांनी ती लावून घेतली होती. "वारा येतो हो," म्हणाले.

राहू दे, म्हटलं. सोमवार काही लांब नाही.

२२ जानेवारी

हॉस्पिटल. अण्णा श्वास घेताहेत. आणखी लिहवत नाही.

२४ जानेवारी

आता क्रमाने लिहितो.

गुरुवारी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा अण्णा झोपले होते. रोज सहालाच उठतात, पण थंडी होती, झोपू दे म्हटलं. प्रयोगशाळेत पोचून कोट अडकवतो तोच फोरमनचा फोन. ही त्यांच्या दारात जाऊन कोसळली होती. अण्णा उठत नाहीत एवढंच बोलू शकली. फोरमनने दोघांना गाडीत घातलं होतं.

मी पोचलो तेव्हा दोघांच्या तोंडावर ऑक्सिजन होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कोरड्या बोलणाऱ्या. "घरात काय जाळता?" म्हणाल्या. मी सांगितलं. "धुराडं?" नाही म्हणालो. त्यांनी रक्ताच्या तपासणीचा कागद माझ्यासमोर धरला. "तुमच्या सासऱ्यांच्या रक्तात विष किती भिनलंय माहीत आहे? आज दुपारपर्यंत तिथेच असते तर मला बोलवायची गरज पडली नसती. अशा आणखी किती शेगड्या आहेत?"

"तीस."

"मग इथे काय उभे आहात?"

तिथून मी धावत सुटलो तो कॉलनीत. पहिल्या दारावर थाप मारली तेव्हा बाईंचा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. पण हात थांबले नाहीत. दार उघडायचं, आत शिरायचं, काही न बोलता शेगडी बंद करायची, खिडकी उघडायची. लोक ओरडत होते. एका घरी कुणी नव्हतं, तिथली गॅसची नळी बाहेरूनच बंद केली. स्टोअरकीपर म्हणाला, "तरीच! मी म्हटलं, सकाळी उठलं की दारू न पिता डोकं कसं चढतं?" आणि हसला. माझं तोंड बघून त्याचं हसू विरलं.

फोरमनवहिनी नवऱ्यामागे घरीच राहिल्या होत्या. त्यांना समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या, मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मग ती मळमळ... ती याचीच का हो, भाऊजी?"

मला कळलं नाही.

"रोज सकाळी व्हायची. मला वाटलं, दिवस गेले. आईला कळवलंसुद्धा."

खिडकी उघडली आणि पुढच्या दाराकडे गेलो.

बाईंचा बंगला शेवटी लागतो. त्या दोन शाली पांघरून बसल्या होत्या, घर बर्फासारखं. शेगडी बंदच होती. गॅस बुधवारी संध्याकाळीच संपला म्हणाल्या. नशीब चांगलं त्यांचं. मी घडलेलं सांगितलं तर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टरांना काय सांगितलंस? कधी कळलं म्हणालास?"

संध्याकाळी हिला शुद्ध नीट आली होती. मी पलंगाच्या कडेवर बसलो. तिने मास्क बाजूला केला.

"तुला माहीत होतं?"

"काल दुपारी कळलं."

"काल दुपारी." ती छताकडे बघत म्हणाली. "आणि काल रात्री आपण जेवलो. तू खिडकीची पट्टी काढलीस. मी म्हटलं, याला कसं काय सुचलं."

तिने मास्क परत लावला. रागावली नाही. मला तर वाटलं होतं, तोंडसुद्धा बघणार नाही. माझ्यावरचं अर्धं ओझं उतरलं.

९ फेब्रुवारी

अण्णा घरी आले. चालतात, बोलतात, जेवतात. वर्तमानपत्र मात्र हातात धरून बसतात आणि पान उलटत नाहीत. काल मला म्हणाले, "जावईबापू, तो शब्द काय हो... पाणी ठेवतात तो?" मी म्हणालो, "माठ?" "नाही, नाही." "घागर? बादली? पिंप?" दर वेळी मान हलवत होते. शेवटी डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. त्या माणसाच्या, ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे शब्द जागेवर बसवले. डॉक्टरीणबाई म्हणतात, काही परत येईल, काही नाही.

आज चौकशी होती. लांब टेबल, बाहेरून आलेली तीन माणसं, आणि कोपऱ्यात बाई. आदल्या दिवशी बाईंनी बोलावून घेतलं होतं. थकल्या आहेत फार. म्हणाल्या, "जुन्या भट्टीची चूक आपल्याला अपघातानंतर सापडली. गुरुवारी. मी तेच सांगणार आहे. तूही सांगितलंस तर तुझ्यावर काही येणार नाही, उलट तूच घरोघर धावलास. बुधवार म्हणालास तर तो गुन्हा होतो, अरे. आणि त्याने अण्णा बरे होणारेत का?"

पाणी प्यायलो, आणि गुरुवार म्हणालो. कुणी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. अध्यक्ष उठताना म्हणाले, तुमच्या प्रसंगावधानाची नोंद घेतली आहे. शेगडी रद्द. बाईंना सन्मानाने निवृत्ती. जाळीचं काम मात्र चालू ठेवायचं, नव्या भट्टीत, माझ्या हाताखाली. क्वार्टर माझ्याकडेच.

संध्याकाळी हिने विचारलं, "काय सांगितलंस?"

"सुटलो आपण," मी म्हणालो.

"कधी कळलं म्हणालास?"

"गुरुवार."

ती भांडी विसळत होती. नळ चालूच राहिला थोडा वेळ. मग तिने तो बंद केला, हात पुसले आणि अण्णांच्या खोलीत जाऊन झोपली. त्यांना उठायला आधार लागतो, बरोबरच आहे.

१२ फेब्रुवारी

ही अण्णांना घेऊन तिच्या भावाकडे गेली. तिथे हवा बरी, दवाखाना जवळ. थोडे दिवस, म्हणाली. मी स्टँडवर सोडायला गेलो. मोठी ट्रंक, दोन पेट्या, अण्णांची खुर्ची टपावर. उन्हाळ्याचे कपडेसुद्धा भरले होते. तिचं हे नेहमीचंच, दोन दिवसांना दहा दिवसांचं सामान. मी तसं चेष्टेने म्हणालो. मेहुणा हसला नाही. त्याचा स्वभावच जरा तुसडा.

अण्णांनी खिडकीतून माझा हात धरला. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, शब्द सापडत नव्हता. गाडी सुटली तरी ते शोधत होते.

१० मार्च

आज जमलं! खरोखर जमलं.

फेब्रुवारीभर एकटाच खपलो. बाईंची खोली आता माझी आहे, पण मी भट्टीपाशीच बसतो. भिंगवाली माझ्याशी कामापुरतंच बोलते. चौकशीत तिला बोलावलंच नव्हतं. एकदा जिन्यात म्हणाली, "बुधवारी मी फोटो लावून गेले होते ना रे तुझ्या टेबलावर?" मी म्हणालो, तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत. तेव्हापासून नमुन्यांची पाकिटं शिपायाच्या हाती येतात.

या वेळी कणांना नुसते पाय रोवायला जागा दिली नाही, प्रत्येकाभोवती सच्छिद्र सिलिकाचं कवच बसवलं. वायू आत जाऊ शकतो, पण कण बाहेर पडून शेजाऱ्याकडे जाऊ शकत नाही. भट्टी आठशे दहावर लावली आणि घाणा भाजताना नमुन्याच्या दोन्ही बाजूंना मिठाच्या वाट्या ठेवल्या. आता मी आकड्यावर विश्वास ठेवत नाही. मीठ दोन्हींकडे वितळलं होतं. आणि कण? तीनचे चार. खरे आठशे अंश, पुरता आठवडा, आणि तीनचे चार! फोटो हातात घेऊन मी त्या बंद खोलीत एकटाच हसत होतो. कवचात कोंडलेला एकेक कण स्पष्ट दिसतो, ज्याच्या त्याच्या जागी.

पहिला फोन हिला केला. दुसरं कुणाला करणार? भडाभडा सगळं सांगितलं: कवच, मीठ, चार नॅनोमीटर. तिने सगळं ऐकून घेतलं.

"छान झालं," म्हणाली.

"अण्णा कसे आहेत?"

"आज बागेत चालले. एक फेरी."

"इकडे थंडी संपलीय. खिडक्या उघड्याच असतात. कधी येताय?"

मध्ये जरा खरखर झाली. मग म्हणाली, "एक काम करशील? माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात निळी फाईल आहे. त्यात माझी पदवीची आणि शिकवायच्या परीक्षेची सर्टिफिकेटं आहेत. मूळ प्रती. रजिस्टर पोस्टाने पाठव, लगेच पाठव."

पाठवतो म्हणालो. कपाट उघडलं. तिच्या बाजूचे हँगर नुसते लटकत होते, फाईल लगेच सापडली. लग्नाआधी ती शाळेत भूगोल शिकवायची. या कॉलनीत आल्यापासून तिने ही फाईल उघडलेलीसुद्धा मला आठवत नाही.

पाकीट शिवून, पत्ता घालून टेबलावर ठेवलं आहे. उद्या सकाळी पोस्टात टाकतो. तिला एवढी घाई कशाची, ते मात्र विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या फोनवर विचारीन. आता उठायला हवं, भट्टीत दुसरा घाणा भाजत ठेवलाय.